खाडीवर धुतलेला बंब

“जाधव, तुमचे दोस्त गेले हो,” वर्कशॉपच्या क्लार्कनं फोन ठेवता ठेवता सांगितलं. मी तेव्हा एका गाडीखाली उताणा पडलो होतो. म्हटलं, कोण दोस्त? “तळवलीचे हिराजी. पंपवाले. सकाळी अंगणात बसल्या बसल्याच…” मी बाहेर आलो नाही. हातातला नट आवळत होतो तो आवळून पुरा केला, मग त्याच्या शेजारचाही आवळला, आणि तिथूनच ओरडलो, “तो माझा दोस्त नव्हता!” क्लार्क बिचारा नवा. त्याला वाटलं, ऐकून म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. तो पाणी घेऊन आला.

मग शोकसभा झाली. तळवलीच्या अग्निशमन ठाण्याच्या अंगणात खुर्च्या मांडल्या, फोटोला हार घातला, आणि जे त्याला धड ओळखतही नव्हते ते उठून बोलले. हिराजी म्हणजे दलाचा कणा, हिराजी म्हणजे शांत माणूस… शांत! अरे, त्या माणसाच्या शिव्या ऐकून सायरन ऐकू यायचा नाही. मी मागच्या रांगेत बसून नुसता दात चावत होतो. त्यात या वर्तमानपत्राच्या पुरवणीवाल्यांनी मला गाठलं. “तुम्ही एका गाडीवर होतात ना, चार चांगले शब्द लिहा.” चांगले शब्द कुठून आणू? मी जे पाहिलं ते लिहितो. छापायचं तर छापा.

आमच्या नव्या शहराच्या अग्निशमन दलाचा पहिला बंब म्हणजे मुंबईनं वापरून फेकलेला माल. सत्तर साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. ठाणे-बेलापूर रस्त्याला तळवलीजवळ एक शेड, एक पाण्याची टाकी आणि ही गाडी, एवढंच आमचं ठाणं. पेट्रोलवर चालायची, दोन्ही बाजूंनी उघडी, वर लाकडी शिडी आणि पुढं पितळी घंटा. सायरन नाहीच. फायरमननं दोरी ओढून घंटा बडवायची आणि रस्त्यावरच्या म्हशींनी बाजूला व्हायचं. थंडीत हँडल मारून मारून हाताचे तुकडे पडायचे. आम्ही तिला म्हातारी म्हणायचो. मी साताऱ्याकडचा, ट्रक हाकून आलेला. त्या गाडीचं स्टिअरिंग हातात आलं तेव्हा घरी पत्र टाकलं होतं, मी आता साधा ड्रायव्हर नाही, बंबाचा ड्रायव्हर आहे. माझा बाप ते पत्र गावभर दाखवत फिरला.

पंपावर हिराजी. म्हातारीचा पंप हट्टी होता, खाडीतून पाणी ओढायचं म्हटलं की नुसता खोकायचा. हिराजीनं हात लावला की मात्र पाणी धरायचा. काय करायचा कोण जाणे, त्याचं त्यालाही सांगता यायचं नाही. त्यामुळे साहेबलोक त्याला दुखवत नसत आणि हा त्याचा पुरेपूर फायदा घ्यायचा. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, “ए घाटी, गारी हितं नको लाव. हितं माजे बापाचा शेत हाय.” मी खाली बघितलं. काँक्रीट. नवंकोरं, अजून ओलं असल्यासारखं. तेव्हा कळलं की ठाण्याची जागा हिराजीच्या घराची खाचरं होती. शहरासाठी ती गेली आणि बदल्यात त्याला ही नोकरी मिळाली. शेड आणि मागची भिंत यांच्या मधे, टाकीखाली, दोन खाटा मावतील एवढी पट्टी कुणाच्या तरी चुकीनं काँक्रीटविना राहिली होती. हा गडी दर पावसाळ्यात तिथं भात लावायचा. खाकी पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळून.

आता भांडणाचं मूळ सांगतो. तेव्हा जवळच्या पावणे गावातल्या कारखान्यांत आग लागली की नळाला पाणी नसायचं. भरती असली तर आम्ही सरळ खाडीत पाइप टाकायचो. पण खारं पाणी पंपात राहिलं तर पंप गंजून जातो. म्हणून ठाण्यात परत यायचं, टाकीचं गोडं पाणी भरायचं, पंपातून फिरवायचं आणि कॉक उघडून खाली सोडून द्यायचं. जगभर असंच करतात. हिराजी करू द्यायचा नाही. पहिल्या वेळी मी कॉकला हात लावला तर हा गाडीखाली जाऊन आडवा झाला. “सोड! माजे तोंडावर सोड, पन शेतान नको सोडू.” म्हटलं, अरे बाबा, शेत कुठंय? म्हणाला, “एकदा खारा पानी शिरला का दोन-तीन वरसा दाना नाय होत. आमचे आज्यानं बांद राखला, बापानं राखला. आता मी राखनार.” काँक्रीटवरून वाहत ते पाणी मागच्या पट्टीत जायचं, हे खरं होतं. पण तेवढ्या पट्टीसाठी काय करायचं, तर गोडं पाणी भरून गाडी पुन्हा दोन मैल खाडीवर न्यायची, तिथं पंप धुवायचा, पाइप धुवायचे, रिकामी गाडी परत आणायची आणि पुन्हा भरायची. आग विझवून जीव अर्धा झालेला, अंगाला धुराचा वास, पोटात कावळे… आणि हा वर चढून घंटा वाजवतो, चल घाटी, खारीवर!

आणि मी न्यायचो. का न्यायचो? कारण तेव्हा तो खरंच माझा दोस्त होता. कबूल करायला नको वाटतं, पण होता. माझं बिऱ्हाड अजून गावाकडं होतं. ड्यूटी संपली की त्याच्या घरी जायचो. त्याची बायको यमुनाबाई तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढायची. मला माशाचा वाससुद्धा सहन व्हायचा नाही, पण त्या घरात मी खायला शिकलो. हिराजी ताटात बघून म्हणायचा, “काटे काढून दे ग त्याला, घाटी हाय, मरंल.” आणि स्वतःच हसायचा. ठाण्याचे प्रमुख बहुतेक वाशीच्या ऑफिसात असायचे, त्यांना आमच्या खाडीच्या फेऱ्यांचा पत्ता नव्हता. गाडीवरचे बाकीचे दोघे फायरमन तळवलीचेच. म्हणजे माझ्या पाठी एकही माणूस नव्हता, हे मला तेव्हा सुचलं नाही.

मग तो दिवस आला. दुपारची वेळ, सकाळीच पावण्यात एक आग विझवलेली, आणि आम्ही खाडीवर पंप धुवत उभे. गाडीची टाकी रिकामी, खाडीला ओहोटी. तिकडं ठाण्यात फोन वाजला, पावण्यातच एका प्लॅस्टिकच्या कारखान्याला आग. वॉचमन सायकल मारत आम्हाला शोधत आला. आम्ही ठाण्यात गेलो, पाणी भरलं, निघालो… पोचलो तेव्हा पत्रे वाकून खाली आले होते. माणूस कुणी गेला नाही, देवाची कृपा. पण कारखान्याचा मालक रस्त्यात बसून कपाळ बडवत होता. त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. ड्रायव्हर पुढं असतो ना, लोक त्याच्याकडंच बघतात.

चौकशी बसली. मी खरं सांगितलं. पंप धुवायला खाडीवर गेलो होतो. साहेबांनी विचारलं, पंप ठाण्यात का नाही धुतला? मी हिराजीकडं बघितलं. आता हा बोलेल, साहेब माझ्यामुळं, असं म्हणेल, दोन शिव्या खाईल आणि विषय संपेल. हिराजी उभा राहिला आणि सरळ साहेबांच्या डोळ्यांत बघून म्हणाला, “खारीवर कोन नाय गेला, साहेब. पयले आगीवरून येताना गारी वाटेत बंद परली. ड्रायव्हर गारीची निगा राखत नाय.” बाकीच्या दोघांनी माना डोलावल्या. वॉचमनला कुणी बोलावलंच नाही.

निगा राखत नाही! ज्या गाडीचा एकेक स्क्रू मी धोतराच्या फडक्यानं पुसला, तिची निगा! तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ती मला त्या दिवशी कळली. तिघांची साक्ष एक आणि माझी एकट्याची वेगळी. माझ्या हातातून स्टिअरिंग काढलं आणि वाशीच्या वर्कशॉपला पाठवलं, गाड्या कशा राखायच्या ते शिकायला. बापाला पुन्हा पत्र टाकायची हिंमत झाली नाही. तो गेला तेव्हाही त्याचा पोरगा बंब हाकतो असंच समजून गेला.

निघताना मी हिराजीला अंगणात गाठलं. गचांडी धरली. विचारलं, का रे, का असं केलंस? तो हातही न सोडवता म्हणाला, “खरा बोललो असतो त उद्यापासून खारा पानी हितं परला असता. साहेबाचा हुकूम झाला असता.” आणि माझं काय? “तुला दुसरी गारी मिलंल. मना दुसरा शेत कुटून मिलंल?”

मला दुसरी गाडी मिळाली नाही, हिराजी. कधीच मिळाली नाही. तुझं भाकीत तेवढं चुकलं, आणि ते तुला शेवटपर्यंत माहीत होतं.

त्यानंतर आम्ही बोललो नाही. बोललो नाही म्हणजे एकमेकांशी नाही. म्हातारी दुरुस्तीला यायची तेव्हा हा तिच्याबरोबर यायचा, माझ्याकडं पाठ करून तिच्या बॉनेटवर हात ठेवायचा आणि म्हणायचा, “म्हातारे, सांग याला, डाव्या चाकान आवाज हाय.” मी पण काही कमी नाही. “म्हातारे, त्याला सांग, आवाज चाकात नाही, त्याच्या डोक्यात आहे.” वर्कशॉपची पोरं खी खी करायची. ऐंशीच्या पुढं नवी डिझेलची गाडी आली, बंद केबिनची, विजेच्या सायरनची. तिला आम्ही नवरी म्हणायचो. मग तिच्यामार्फत शिव्या सुरू झाल्या. यमुनाबाई दर दिवाळीला त्या पट्टीतल्या तांदळाचे पोहे कुणाच्या तरी हाती पाठवायची. मी ते वर्कशॉपच्या पोरांना वाटून टाकायचो. एक दाणाही तोंडात घातला नाही. माझी बायको म्हणायची, अन्नावर कशाला राग काढता? तिला काय सांगणार!

म्हातारी भंगारात निघाली तेव्हा तिचा पंप मीच खोलला. आत गंजाचा ठिपका नाही. मिस्त्री म्हणाला, वा, काय राखलाय! म्हटलं, अरे, अंगणात धुतला असता तरी एवढाच स्वच्छ राहिला असता. त्या चकचकीत पंपाकडं बघून मला जो संताप आला, तो आजही आठवला की कपाळाची शीर उडते.

तर असा हा माणूस. गेला. मी दहाव्याला गेलो, यमुनाबाईसाठी. तिनं नुसतं विचारलं, “जेवलंव का, भाऊ?” मी हो म्हटलं आणि परत आलो.

परवा तळवलीच्या ठाण्यात एक पार्ट पोचवायला गेलो होतो. आता तिथं दोन गाड्या असतात. नवरी, आणि तिच्याहून नवी एक, जिचा पंप म्हणे खाऱ्या पाण्याला दाद देत नाही. तरी धुवावा लागतोच. ही नवी गाडी तेवढ्यात पावण्याहून परतली होती, पोरं थकलेली, काळवंडलेली. खाडीचं पाणी ओढलं होतं. गोडं पाणी भरून झालं होतं आणि एकानं वाकून कॉकला हात घातला होता. माझी नजर मागं गेली. टाकीखालच्या पट्टीत भात निसवला होता. लावून माणूस गेला तरी भाताला काय त्याचं… हिरवागार, लोंब्या नुकत्या वाकायला लागलेल्या.

मी उभा राहिलो. मनात म्हटलं, सोडू दे. होऊ दे एकदाचं खारट. माझी इतकी वर्षं त्या दोन खाटांच्या जागेत गेली, ती जागा तरी कशाला शिल्लक राहायला हवी? कॉकमधून पहिली धार काँक्रीटवर पडली आणि मागच्या बाजूला पळायला लागली.

“बंद कर!” मी ओरडलो. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. “बंद कर तो कॉक! गाडी खाडीवर घ्या.” पोरं बघायलाच लागली. ड्रायव्हर वर बसूनच म्हणाला, “काका, टेन्शन काय आहे? इथंच धुवून टाकतो की आज. आधी त्या हिराजीकाकांची कटकट होती, आता कोण नाय बोलत.” म्हटलं, उतर खाली. “अहो, पण…” उतर म्हणतो ना! वर्कशॉपच्या माणसाला गाडी चालवून बघायचा हक्क असतो, तेवढं तो जाणत होता. तो सरकला. मी चढलो. इतक्या वर्षांनी बंबाचं स्टिअरिंग हातात आलं, आणि आलं ते कशासाठी, तर ज्या फेरीनं ते गेलं होतं त्याच फेरीसाठी. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते रागाचंच होतं. गेटातून बाहेर काढून खाडीच्या रस्त्याला वळवली, तसा शेजारी बसलेला तो ड्रायव्हर हळूच म्हणाला, “काका, पण त्या टाकीखाली आहे काय एवढं?”

“शेत आहे,” मी म्हटलं.

“कुणाचं?”

“आहे एका हरामखोराचं.”