सारवलेला शक्तिमान

भंडाऱ्याच्या रेणू नंदनवारच्या घरी आता एकच हातमाग उरला होता, तो सासरे चालवत. रेणू नवऱ्यासोबत साड्यांचं दुकान सांभाळायची. दुपारी गिऱ्हाईक थांबलं, की काउंटरमागे बसून ती लष्करी गाड्या करायची. हातात मावतील एवढ्या, पुठ्ठ्याच्या नि पितळी तारेच्या. छंदच होता, पण आता दूरदूरचे हौशी लोक तिच्याकडून गाड्या मागवून घेत. तिचा एकच हट्ट असे: ज्या सालची गाडी, त्या सालासारखीच ती दिसली पाहिजे. एकदा हिरव्या रंगाची छटा चुकली म्हणून तिनं तयार रणगाडा खरवडून काढला.

"कोण पाहून राहिलं एवढं?" नवरा अंकुर म्हणाला.

"मी पाहून राहिली ना!"

यंदा पुण्याच्या एका संग्राहकाला एकाहत्तरच्या लढाईतला शक्तिमान ट्रक हवा होता. रेणूनं जुने फोटो शोधून तो केला, पण मन भरेना. फोटोंतल्या गाड्या फारच चकचकीत. मग अंकुरला आठवलं, एकोडी गावचे श्यामलाल त्या लढाईत ट्रक चालवायचे. फौजेतून आल्यावर त्यांनी जन्मभर तलावात मासेमारी केली.

रविवारी दोघं एकोडीला गेले. श्यामलालनी ट्रक तळहातावर घेतला, फिरवून पाहिला.

"सुंदर हाय. पन हे त परेडची गाडी झाली, बेटा. आमी गाडीले चिखल फासत होतो. वरून विमानाले दिसाले नोको म्हनून."

"पूर्ण गाडीले, काकाजी? का नुसत्या बॉनेटले?"

म्हातारा अडखळला. "आता कसं सांगू? लय वर्सं झाली."

त्यांची बायको बायाबाई ओसरीवर मासे साफ करत होती. ती हसायला लागली. "काहून, इसरले? सुट्टीवर आले तवा तुमीच त सांगतलं, दारं, बॉनेट, काचीची चौकट, सारं फासलं म्हनून. मी म्हनलं, आमी आंगन सारवतो, तुमी गाडी सारवता!"

श्यामलालही हसले. "हो ना वो! तवापासून मले सारवनवाला म्हने हे!"

रेणूला गाडी सापडली होती. पुन्हा पुन्हा विचारून तिनं चिखलाचा रंगही ठरवून घेतला.

निघताना श्यामलाल संकोचत म्हणाले, "मले बसवशीन का त्याच्यात?"

"बसवीन ना. डोक्यावर काय होतं तुमच्या? टोपी का हेल्मेट?"

त्यांना आठवेना. बायाबाईलाही नाही.

दुकानात बसून रेणूनं रंगात बारीक माती कालवली आणि ट्रक सारवून काढला. ड्रायव्हरही केला, पण डोक्यावर अंदाजानं काही घालायला तिचा हात धजेना. शेवटी तिनं ड्रायव्हरची जागा रिकामीच ठेवली आणि दार थोडं उघडं ठेवलं. फोटो पाहून पुण्याचे गृहस्थ आधी चरकले; बायाबाईची गोष्ट ऐकली, तेव्हा मात्र म्हणाले, "एक ठिपकाही पुसू नका."

पाठवण्याआधी ती ट्रक एकोडीला दाखवून आली. रिकाम्या जागेचं कारण सांगताना तिला थोडं अवघडल्यासारखं झालं. श्यामलालनी डोळे बारीक करून त्या उघड्या दाराकडे पाहिलं.

"बराबर हाय," ते खुशीत म्हणाले. "मी च्या प्यायले उतरलो असीन."