तरव्यातली मागणी

लग्नाची मागणी घालायला त्यानं जागा शोधली ती मोबाईलवर. आम्ही पुण्यात एकाच ऑफिसात होतो, तो विचारणार हे मला ठाऊक होतं, आणि माझा होकारही मनात ठरलेला होता. आईला सांगून झालं होतं. वडील म्हणाले होते, एकदा घेऊन ये, बघू तरी. त्यानं कँटीनमध्ये चहा पिता पिता विचारलं असतं तरी मी हो म्हणाले असते. पण त्याला ‘स्पॉट’ हवा होता.

मी हिर्डोशीची. घरची भातशेती, एसटीनं जाऊन-येऊन भोरच्या कॉलेजात शिकलेली. लावणीच्या दिवसांत सुट्टी काढून मी अजूनही चिखलात उतरते. हे सगळं मी त्याला किती वेळा सांगितलं होतं. तो ‘किती मस्त’ म्हणायचा आणि परत फोनमध्ये डोकं घालायचा. हिर्डोशीला यायचा विषय काढला की मात्र त्याला दरवेळी काम निघायचं. शेवटी सहलीला म्हणून निघालो तेही वेल्ह्याकडे, पासलीला. कुणीतरी तिथल्या हिरव्यागार खोऱ्याचा व्हिडिओ टाकला होता ना!

रस्त्याकडेला गाडी थांबवून त्यानं ओढणीनं माझे डोळे बांधले, चपला काढायला लावल्या आणि हात धरून बांधावरून खाली उतरवलं. दोन पावलांत मला कळलं. खाली गार चिखल आणि वर घोट्यापर्यंत दाट, कोवळी पाती. गवत पायाला असं लागत नाही. मी म्हटलं, थांब, हा तरवा आहे. तो म्हणाला, सरप्राईज बिघडवू नकोस. आणि मला तसंच पुढे ओढलं.

शेवटी ओढणी मीच ओढून काढली. उन्हाळ्यात शेणपाला भाजून केलेल्या तुकड्यात भात दाट पेरतात, रोपं वीतभर झाली की उपटून सगळ्या शेतात लावतात. तो तुकडा म्हणजे तरवा. अख्ख्या खोऱ्यात त्याच्याइतकं हिरवं दुसरं काही नसतं, म्हणून तर ह्या शहाण्यांना तो आवडला. अर्ध्या तरव्यावर लाल कार्पेट अंथरलेलं होतं. खोट्या गुलाबांची लोखंडी कमान रोपांत रोवली होती आणि दोन फोटोवाले बूट घालून त्यातून फिरत होते. तो कार्पेटवर गुडघा टेकून, अंगठीची डबी उघडून बसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात बांधावर एक म्हातारी येऊन उभी राहिली. डोक्यावर पावसाचं इरलं, हातात विळा. शेत तिचं होतं. ती कार्पेटकडे बघत राहिली. त्यानं गुडघा टेकलेलाच ठेवून तिला सांगितलं, “आजी, दोन मिनिटं बाजूला व्हा ना. फ्रेममध्ये येताय.”

तिच्याच शेतात. मला त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला.

“उंद्या लावनी हाय,” म्हातारी म्हणाली. “मानसं सांगून ठिवल्यात. आता लावू काय म्या? तुमा पुन्याच्या मानसांना काय ठावं म्हना.”

मी म्हटलं, आजी, म्या हिर्डोशीची हाय. तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. माझे पाय घोट्यापर्यंत तिच्या रोपांत होते.

“मंग तुला तरी कळाया नको व्हय?”

मला शरम वाटली आणि शरमेपेक्षा जास्त राग आला. ज्या माणसामुळे हे ऐकून घ्यावं लागलं, तो अजून डबी धरून होता. म्हणाला, उत्तर तर दे, व्हिडिओ चालू आहे. मी त्याला आधी कार्पेट उचलायला सांगितलं. गवताच्या तुकड्यावरून एवढा तमाशा, असं पुटपुटत त्यांनी ते उचललं, कमान उपटताना आणखी रोपं मोडली, आणि सगळे वर निघून गेले. म्हातारीची माफी मागायचं एकाच्याही मनात आलं नाही.

मी सलवार खोचली आणि रोपं उपटायला खाली बसले. मोडलेली रोपं एका बाजूला, तगतील ती दुसऱ्या बाजूला. मला लावणीसाठी रोपांच्या मुठी बांधताना पाहून म्हातारीचा चेहरा जरा सैलावला आणि तीही शेजारी बसली. कडेची पुष्कळ रोपं धड होती, मधली पार चेंगरली होती. कुणाकडे उरली असतील तर मागून आणीन म्हणाली. वर रस्त्यावर हॉर्न वाजायला लागला. थांबायचा, पुन्हा वाजायचा. मग त्यानं काच खाली करून माझ्या नावानं हाक मारली, येतेस की जाऊ.

म्हातारीनं मान वर केली. “कोन गं त्यो तुजा?”

“कुनी न्हाई,” मी म्हणाले. त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले.