फाटक्या लुगड्याचा सूड

हर्सूलच्या आमच्या गल्लीत मनकर्णाबाईशी भांडून कुणी जिंकलेलं नाही. माझं घर तिच्या भिंतीला भिंत लावून, त्यामुळं मला माहीत असणारच. भिंत पातळ आहे आणि कान माझे तिखट. नवरा गेला तेव्हा पोरगा बन्सी तिच्या कडेवर होता. दोन म्हशींच्या दुधावर तिनं त्याला वाढवलं. गरिबी होती, लई होती, पण दारात आलेल्याला बाईनं चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. दूधवाली असून चहात दूध बेताचंच, ते सोडा.

मग आप्पासाहेबांची संस्था शिवणवर्ग घेऊन गल्लीत आली. आप्पासाहेब म्हणजे कडक इस्त्रीचा पांढरा माणूस, बसतानासुद्धा सुरकुती पडू नये म्हणून अर्धाच बसणार. मशिनी दिल्या होत्या पुण्याच्या एका फाउंडेशननं. गरिबीशी झुंजणाऱ्या छोट्या संस्थांना हे लोक पाठबळ द्यायचे. खोटं कशाला बोलू, त्या मशिनींनी आम्हा बायकांचं भलंच केलं. मनकर्णाबाईनं शिवलेले ब्लाऊज तर पार सिडकोपर्यंत जाऊ लागले.

पण संस्थेत एक पत्र्याची पेटी होती. पुण्याचे पाहुणे येणार असले किंवा फोटो काढायचा असला की ती उघडायची. आत फाटकी लुगडी, धुऊन घड्या घातलेली! "नीटनेटक्या दिसलात तर मदत बंद होईल बायांनो," असं म्हणत आप्पासाहेब ती वाटायचे. एका साली मनकर्णाबाईच्या वाट्याला तांबड्या काठाचं आलं. वर्ग बंद पडू नये म्हणून ती ते नेसली, डोक्यावर पदर घेऊन खाली बसली, सांगितला तसा हात पुढं केला.

तो फोटो क्रांती चौकात संस्थेच्या फ्लेक्सवर लागला. बन्सीची सोयरीक तेव्हा पिशोरला ठरत आली होती. मुलीचा बाप पुंजाराम कामानिमित्त शहरात आला, चौकात थांबला आणि त्यानं वर पाहिलं. परत जाऊन पिशोरच्या भर बाजारात बोलला, "मागून खाणाऱ्याच्या घरी पोरगी देत नाय."

ही बातमी गल्लीत आणली मीच, दुसरं कोण आणणार! मनकर्णाबाई गोठ्यात होती. तिनं म्हशीला अशी शिवी हासडली की म्हैससुद्धा चमकली. मग मला म्हणाली, "माझी अब्रू त्या आप्पानं चारचौघांत घालवली. आता त्याला चारचौघांत उभा नाय केला तर नावाची मनकर्णा नाय."

पुढच्या खेपेला फाउंडेशनच्या प्रमोदिनीताई स्वतः येणार असं कळलं. मनकर्णाबाई घरोघर फिरली. "ठेवणीतलं नेसायचं. नसंल तर उसनं आणा, पर पेटीला कुणी हात लावायचा नाय." तिचा डाव साधा होता. नटलेल्या बाया बघून पुण्याची बाई विचारणार, तुम्ही तर गरीब ना, आणि आप्पासाहेब तोंडघशी पडणार. त्या दिवशी मनकर्णाबाई लग्नातला शालू नेसून आली. माझी नथ वर्गातल्या दगडाबाईच्या नाकात होती. आप्पासाहेबांनी पेटी उघडली आणि आम्हाला पाहून खेकसले, "हे काय? लग्नाला निघालात?"

"व्हय, तुमच्याच!" दगडाबाई म्हणाली.

तेवढ्यात गाडी आली. प्रमोदिनीताई आत आल्या आणि त्यांचा चेहरा फुललाच. "अगंबाई, केवढा हा बदल! आप्पासाहेब, फोटोतल्या त्याच या बायका ना?"

आप्पासाहेबांनी क्षणात हात जोडले. "ताई, हेच तर संस्थेचं फळ!"

घ्या! सूड उगवायला गेलो आणि त्याला हार घालून आलो. मला हसू फुटलं, तशी मनकर्णाबाईनं मला दंडाला असा चिमटा घेतला की दुसऱ्या दिवशी निळं झालेलं होतं. मग ती उठली. ज्या लुगड्यावर थुंकायचीसुद्धा नाही, ते तांबड्या काठाचं लुगडं तिनं पेटीतून काढलं, शालूवरून गुंडाळलं, पदर घेतला, खाली बसली आणि हात पुढं केला.

"ताई, आता वळखलं का मला? ही मी, मागल्या साली. दगडे, ये गं."

दगडाबाईनं तेच लुगडं स्वतःवर घेतलं. "ही मी, त्याच्या आदल्या साली."

प्रमोदिनीताईंनी लुगड्याचा काठ हातात धरला. "हेच लुगडं... दोन्ही फोटोत?"

"सायबांचं हाय. आमच्या घरी असलं पोतेऱ्यालाबी ठेवत नाय," मनकर्णाबाई म्हणाली.

आप्पासाहेब चाचरले, "ताई, फोटो काळजाला भिडणारे हवेत, असं तुमच्याच ऑफिसातून..."

प्रमोदिनीताई मनकर्णाबाईच्या शेजारी खाली जमिनीवर बसल्या.

थोड्याच दिवसांत पुण्याहून निरोप आला. मदत चालू राहील, पण वर्ग बायकांची समिती चालवेल आणि मनकर्णाबाई तिची अध्यक्ष. आप्पासाहेबांच्या संस्थेला पुढं काही हवं असेल तर अर्जावर आधी तिची सही.

आप्पासाहेब अर्ज घेऊन गोठ्याच्या दारात आले. मी वाळवण घालायच्या निमित्तानं बाहेरच होते.

"मनकर्णाबाई, एवढी सही..."

"आधी पिशोरला जा. पुंजारामला सांगा, लुगडं तुमचं व्हतं."

"अहो, त्या मुलीचं तर लग्नही झालं."

"ठाव हाय. मला पोरगी नकोच. बापाला सांगा."

आप्पासाहेब गेले. संध्याकाळी धुळीनं भरून परत आले. सदऱ्याची इस्त्री पार गेलेली. "सांगितलं बुवा. माफीही मागितली. आता द्या."

"कुठं सांगितलं?"

"त्यांच्या घरी. चहा घेतला, बसलो, सगळं नीट सांगितलं."

"दार लावून?"

आप्पासाहेबांनी नुसता कागद पुढं केला. मनकर्णाबाईनं शेणाचे हात पदराला पुसले आणि कागद त्यांच्या खिशात परत खोचला.

"मला तो बाजारात बोलला व्हता, सायेब. बाजाराच्या दिवशी जा. आन् मोठ्यांदा सांगा."