सोहनीनं उडवलेलं बॅकग्राउंड

अभय सोहनी कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेला की आधी भिंतीचा फोटो काढायचा. घरची माणसं हातात सरबताचे ग्लास घेऊन, पाहुण्यासाठीचं हसू चेहऱ्यावर आणून उभी असायची आणि हा पठ्ठ्या त्यांच्याकडे पाठ करून विटांवर कॅमेरा रोखून बसलेला असायचा. आमच्याकडे आला तेव्हाही तेच. अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये नावापुरती एक फायरप्लेस होती. तिच्या विटांचे त्याने फोटो काढले, कॅमेऱ्याच्या मागच्या एवढ्याशा पडद्यावर ते मोठे करकरून पाहिले आणि नाक मुरडून म्हणाला, “वहिनी, ही लेन्स डाव्या बाजूला लंगडी आहे. तिकडच्या विटा पुसट येतात.” मी म्हटलं, अरे बाबा, आधी बूट तरी काढ!

समीरच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, ऑफिसातला हा माणूस. मूळचा पुण्याचा, एकटा, आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहायचा आणि दर शनिवारी आमच्याकडे जेवायचा. त्या काळात आपल्या लोकांत डिजिटल एसएलआरचं खूळ शिरलं होतं. नायगाराला निघालेला प्रत्येक जण गळ्यात तो काळा ठोकळा अडकवून निघायचा, आणि घ्यायच्या आधी सोहनीला विचारायचा. सोहनी म्हणजे जणू शॉमबर्गमधला कॅमेऱ्यांचा ज्योतिषी. “बॉडीवर पैसे घालू नका, काचेवर, म्हणजे लेन्सवर घाला. काच बघायची, काच!” हे त्याचं ठरलेलं वाक्य. कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या साध्या लेन्सला तो ‘हॉटेलातलं फुकटचं लोणचं’ म्हणायचा. आणि सगळं ऐकून समोरचा घ्यायला तयार झाला की म्हणायचा, “पण मी तुमच्या जागी असतो तर थांबलो असतो. नवीन मॉडेल येतंय.”

त्याची स्वतःची तऱ्हा तर आणखी भयंकर. कॅमेरा घ्यायचा, लेन्स घ्यायची, महिनाभर विटांचे फोटो काढायचे आणि परतीची मुदत संपायच्या आत दुकानात परत! “खराब कॉपी निघाली.” मग दुसरी घ्यायची, तीही खराब निघायची. खोकं ब्लेडने असं अलगद उघडायचा की पुन्हा बंद केल्यावर देवालाही कळू नये. आतली तारेची बारकी गुंडाळीसुद्धा जशीच्या तशी ठेवायचा. एकदा त्याची गाडी गॅरेजमध्ये होती म्हणून मी त्याला दुकानात घेऊन गेले. काउंटरवरची पोरगी त्याला बघताच उसासा टाकून म्हणाली, “You again?” आणि हा निर्लज्जासारखा हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, “अभय, लाज वाटत नाही का रे?” तर म्हणे, “वहिनी, सिस्टीमच दिलीय त्यांनी, आपण वापरायची.” त्या ‘आपण’मध्ये मीही आले, याचीच मला शिसारी आली.

आता एवढी खार खाऊन मी सांगते आहे, त्याला कारण आहे. माझे बाबा गेले तेव्हा भिंतीवर लावायला त्यांचा एक धड फोटो घरात नव्हता. शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून त्यांचा चेहरा कापून मोठा केला. नागपूरच्या घरात आजही तो लटकतो आहे. पीठ फासल्यासारखा चेहरा, आणि खांद्यावर कुणा परक्या बाईच्या शालूचा काठ. आईचं तसं होऊ द्यायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं होतं. पण आई फोटोत यायचीच नाही. कुणी कॅमेरा काढला की हिला नेमकी गॅसवरच्या दुधाची आठवण व्हायची. तिचा असा एकच फोटो होता, पासपोर्टवरचा, पोलिसांनी पकडून आणल्यासारखा. माझ्या बाळंतपणासाठी ती सहा महिने अमेरिकेला येणार म्हटल्यावर मी समीरला सांगितलं, ती यायच्या आत घरात कॅमेरा पाहिजे. मला आईचा फोटो हवा, नातवंडासोबत, छान हसरा.

समीरने अर्थातच सोहनीला विचारलं. झालं! दर शनिवारी वरणभात कालवता कालवता चर्चा. हा घ्यावा तर त्याची मूठ धरायला बारीक, तो घ्यावा तर अंधारात फोटोत रव्यासारखे ठिपके पडतात, आणि तिसऱ्याचं नवीन मॉडेल येतंय. “थांबा हो वहिनी, घाई कशाला?” माझं पोट नाकाशी आलेलं, आणि हा मला घाई कशाला विचारतोय! कॅमेरा आला नाही, आई आली. मग मुलगी आली. कॅमेरा तरीही आला नाही. “मी आहे ना,” सोहनी म्हणाला, “मी काढतो फोटो. प्रो क्वालिटी.”

आईला मात्र तो आवडायचा. माझी आई पक्की नागपूरची. तिला जेवणारा माणूस आवडायचा, बाकी त्याचे गुण-दोष ती बघायची नाही. “पोट्ट्याची आई नाही इथं,” म्हणून त्याच्या पानात आणखी एक पोळी. हा लेन्सवर तोंडाने हाऽ करून वाफ सोडायचा आणि पुसायला काय घ्यायचा? माझ्या मुलीचं धुऊन वाळवलेलं दुपटं! आईने आपल्या जुन्या मऊ लुगड्यांची शिवून आणलेली दुपटी ती. “मलमल बेस्ट असतं काचेला,” म्हणे. मला त्या दुपट्याला पुन्हा हात लावायचीही किळस वाटायची. मी ते थेट मशीनमध्ये टाकायचे, आणि आई तोंडाला पदर लावून हसायची.

अशाच एका दुपारी तो नवीन लेन्स घेऊन खाली आला. बारीक अक्षरं किती स्पष्ट येतात ते त्याला तपासायचं होतं. माझ्या स्वयंपाकघरातून त्याने देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूहून आणलेली आट्याची पिशवी उचलली आणि खिडकीपाशी मुलीला मांडीवर घेऊन बसलेल्या आईच्या हातात दिली. “काकू, ही अशी धरा, चेहऱ्याजवळ. हलू नका हं.” मी सिंकपाशी होते. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, “अभय, माझी आई म्हणजे तुला स्टूल वाटली का?” आईच म्हणाली, “राहू दे गं. त्याला मी नाही दिसून राहिले, पिशवीच दिसून राहिली.” आणि स्वतःच्याच बोलण्यावर ती खळखळून हसली. “काकू, हलताय तुम्ही!” सोहनी ओरडला.

मग बारसं झालं. हॉल सजवला, पाळण्याला झेंडूच्या माळा लावल्या, आईने हिरवी इरकल नेसली होती. बाबा गेल्यापासून असल्या कार्यात ती आपणहून मागे भिंतीशी उभी राहायची. कुणी सांगितलेलं नव्हतं, तिनेच ठरवून टाकलेलं. मी तिचा हात धरून तिला पाळण्यापाशी आणलं. म्हटलं, बाळाला पाळण्यात तूच घाल, नाव तूच ठेव कानात. ती आली. डोळे भरले होते तिचे, पण आली. तेवढ्यात सोहनीचा आवाज, “काकू, जरा मागे व्हा ना. मला बॅकग्राउंडला डेप्थ पाहिजे.” आणि आई पटकन मागे सरकली, जणू वाटच पाहत होती. मी तिला पुन्हा ओढलं, तिने नुसती मान हलवली. इतक्या लोकांपुढे काय बोलणार? पण तो क्षण मी अजून विसरलेले नाही.

नंतर फोटो मागितले तर फोटो नाहीत! “रॉमध्ये काढलेत, वहिनी. प्रोसेस करायचेत.” रॉ म्हणजे म्हणे कणीक. “कणीक कुणी पानात वाढतं का? पोळी झाली की देतो.” मी म्हटलं, अरे, मला कणीकच दे, मी लाटते माझी. नाही! कच्चा फोटो तो कुणाला देत नसे, त्याच्या नावाला बट्टा लागला असता. आई परत जायचा दिवस आला तरी याची एक पोळी भाजून झालेली नव्हती. विमानतळावर आई मला म्हणाली, “फोटो आले की पाठव हो. तुझ्या मावशीला दाखवीन.” तिने फोटोचं नाव स्वतःहून काढलं ते पहिल्यांदाच.

ती गेली त्याच हिवाळ्यात. झोपेतच गेली. मी नागपूरला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. माझा धाकटा भाऊ, नितीन, बाबांच्या त्या फोटोशेजारी खिळा ठोकून बसला होता. म्हणाला, “ताई, तुझ्याकडे असेल ना आईचा फोटो? तुमचा तो कॅमेरावाला होता ना?”

परत आल्यावर बॅगा उघडायच्या आधी मी सोहनीच्या दारात जाऊन उभी राहिले. तो गडबडला, “काकूंचं ऐकलं, फार वाईट झालं,” म्हणाला. मी म्हटलं, कॉम्प्युटर लाव. त्याने लावला. आणि बारशाचे फोटो एकेक करून पडद्यावर यायला लागले. माझ्या मुलीच्या पापण्या, वेगवेगळ्या मोजता येतील अशा. पाळण्याच्या माळेतलं एकच फूल. माझ्या कानातलं. आणि प्रत्येक फोटोत मागे कुठेतरी हिरवा फराटा. “कसं मस्त उडवलंय बघा बॅकग्राउंड!” तो सांगत होता. “काच महाग का असते, ते इथे कळतं. मागचं सगळं पुसट, नुसतं लोणी!”

तो हिरवा फराटा माझी आई होती.

मी तोंड सोडलं. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. नालायका म्हणाले, एवढं नक्की आठवतं. तुला माणूस कळत नाही, तुला नुसत्या विटा कळतात, असंही म्हणाले. लेन्सवरची धूळ उडवायचं रबरी फुंकणं त्याच्या हातात होतं, आणि मध्येच सवयीने तो ते दाबत होता, फुस्स, फुस्स. “काकूंचा सोलो नाहीच आहे,” तो पुटपुटला. “त्यांचं फक्त एक टेस्टचं शूट आहे. ते काय, कचरा आहे. डिलीटच करणार होतो मी, राहून गेलं.”

म्हटलं, दाखव तो कचरा.

खिडकीपाशी आई बसली होती. मांडीवर नात झोपलेली, हातात आट्याची पिशवी. पिशवीवरचं बारीकातलं बारीक अक्षर वाचता येत होतं. आणि पिशवीच्या शेजारी आईचा चेहरा, तितकाच लख्ख. कपाळावरचं गोंदण, भुवईवरची लहानपणीची खूण, पुढच्या दातांमधली फट. डोळे मिटत आलेले, मान किंचित मागे गेलेली. खळखळून हसत होती. ते ‘पिशवीच दिसून राहिली’ म्हटल्यावरचं हसू ते. मी खुर्चीत बसले आणि रडले, त्याच्यासमोरच. त्याने मला पुसायला काय दिलं असेल? लेन्स पुसायचा कागद!

तो फोटो मी मोठा करून घेतला. एक नागपूरला गेला, एक आमच्या फायरप्लेसवर लागला. “पिशवी कापून टाकू का गं? भिंतीवर बरी दिसत नाही,” असं नितीनने फोनवर विचारलं. मी म्हटलं, खबरदार! त्या पिशवीमुळे आई आहे. माझी मुलगी बोलायला लागल्यापासून त्या फोटोकडे बोट दाखवून “Aaji has atta!” म्हणते. त्यात काय चुकीचं आहे? आजीकडे आटा होताच, सगळ्यांना पुरेल इतका.

सोहनी पुढे नोकरी बदलून कॅलिफोर्नियाला गेला. त्या भांडणानंतर त्याचं शनिवारचं जेवण बंद झालं होतं, तरी जायच्या आधीच्या शनिवारी समीरने त्याला जेवायला बोलावलं. माझी इच्छा नव्हती. त्या माणसाचा मला वीट आला होता, आणि आजही त्याचं नाव निघालं की माझं तोंड कडू होतं. पण आईचा एकुलता एक चांगला फोटो त्याच्या कचऱ्यातून आला, हेही मला गिळावं लागतं, आणि ते काही सहज उतरत नाही. मी पोळ्या केल्या. आईने दिली असती म्हणून त्याला एक जास्तीची वाढली. तो जेवला, हात धुऊन आला आणि फायरप्लेससमोर उभा राहिला.

फोटो त्याने भिंतीवर लागल्यानंतर पहिल्यांदाच पाहिला. चष्मा वर केला, नाक काचेला टेकेल इतका पुढे झाला आणि बराच वेळ तसाच राहिला. मला वाटलं, चला, पाहतोय एकदाचा माझ्या आईकडे. काकूंबद्दल काहीतरी म्हणेल आता. समीरही हातातलं ताट घेऊन थांबला.

“वहिनी,” फोटोच्या कडेला बोट लावत सोहनी म्हणाला, “बघा, डावा कोपरा कसा पुसट आलाय. तरी बरं, ही लेन्स मी परत केली.”