दुपारची ओटी

पेन्शनीत निघायला दोनच वर्षे उरली, तेव्हा मुंबईच्या कॉलेजातल्या आमच्या प्रोफेसर मंडळींत दुसरा विषयच निघेनासा झाला. सकाळी उठून करायचे काय, या विचाराने भलेभले हवालदिल झाले होते. एकजण उतारवयात पत्ते शिकू लागला, एकाने मधमाश्या पाळायचे मनात घेतले. मी मात्र ऐटीत सांगत असे, की माझे रत्नागिरीस घर आहे, बायको आहे, आंब्याची झाडे आहेत. मला कसली काळजी?

आईच्या आजारपणात बायको तिकडे राहिली ती राहिलीच. आई गेल्यावर घर-बागेचा सगळा व्याप तिच्या अंगावर पडला. मी मे महिन्यात आणि दिवाळीत आगबोटीने जाई, पाहुण्यासारखा राही आणि परत येई.

त्या वर्षी पेपर तपासून लवकर झाले आणि न कळवताच निघालो. भर दुपारी अंगणात शिरलो तर ओटीवरून हसण्याचा आवाज. सात-आठ बायका वाती वळत बसलेल्या. शेजारच्या काकू पोथी अगदी डोळ्यांशी धरून वाचत होत्या आणि मध्येच कोणाची तरी नक्कल करत होत्या. माझी बायको डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. इतकी हसताना मी तिला कधी पाहिले नव्हते. मला बघताच सगळ्याजणी पदर सावरत मागल्या दाराने पसार झाल्या. घरधनी आला की ओटी त्याची, ही आमच्याकडची रीतच.

मग महिनाभर दुपारी ओटीवर मी एकटा, आरामखुर्चीत पेंगत पडलेला. बायको मागे कुठेतरी कामात असे. मनात एकच घोळू लागले: मी कायमचा आलो की हिच्या दुपारी कायमच्या संपल्या. फार वाईट वाटले.

मुंबईस निघायच्या आदल्या दिवशी तिला म्हटले, पेन्शनीत निघालो की दुपारी मी बाहेर जाऊन बसत जाईन, वाचनालय आहे, समुद्र आहे. आंबापोळीची ताटे उन्हातून उचलता उचलता तिने ऐकून घेतले. मग मला परसात नेऊन मांगराचे दार ढकलले. एरवी तिथे गवत आणि लाकडे पडलेली असत. आता जमीन सारवलेली होती, भिंतींचा चुना अजून ओला होता.

"महिनाभर आम्ही सगळ्या इथंच खपत होतो," ती म्हणाली. "तुम्ही कायमचे येणार म्हणून बायकांना केवढी काळजी. आता ओटी तुमची, हे आमचं."

म्हणजे माझ्या पेन्शनीची धास्ती इथल्या बायकांनीही घेतली होती तर! मला हसू आले, मनावरचे ओझेही उतरले. पण त्या रिकाम्या ओटीवर मी एकट्याने काय करायचे? मलाही इथे बसू द्याल का, असे मी भीतभीतच विचारले. ती म्हणाली, ते तिला एकटीला ठरवता यायचे नाही, बाकीच्यांना विचारावे लागेल.

संध्याकाळी विचारून आली. काकूंना हल्ली अक्षर दिसत नाही, तेव्हा पोथी वाचायला मी चालेन असे ठरले होते. मी हरखलो. जन्मभर संस्कृत शिकवलेला माणूस. लगेच मनात प्रस्तावना जुळवू लागलो.

"पण नुसती वाचायची हो," ती म्हणाली. "अर्थ सांगत बसायचं नाही. तो आम्हांला कळतो."