पिशवीतलं मीटर

मलकापुरात मीनाबाईबद्दल कुणालाही विचारा, लगेच सांगतील, "ती व्हय, डिशवाली." पन्नाशीची बाई, साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, कमरेला पाना, आणि तोंड असं की भल्याभल्यांनी रस्ता बदलावा. माझी वडापची जीप आहे, सीटभाड्यानं माणसं नेणारी. वाडीवस्तीवर डिश बसवायला जायचं झालं की तिची शिडी माझ्या टपावर आणि ती माझ्या शेजारी. वाटभर माझ्या गाडी चालवण्याचा उद्धार. बारा वर्षं ऐकून घेतोय.

धंदा मूळचा नवऱ्याचा. तो वर चढून डिश फिरवायचा, ही खाली टीव्हीसमोर बसून सिग्नलचे आकडे ओरडायची. आकडा चुकला की तो खाली उतरून हिला हाणायचा, लोकांच्या घरात, लोकांच्या देखत. स्वतःच्या घरात हाणायचा तेव्हा आधी टीव्हीचा आवाज वाढवायचा. "गल्लीनं समदं ऐकलं की बाळासो," ती एकदा मला म्हणाली, "फकस्त टीव्हीचं." एका पावसाळ्यात तो पत्र्यावरून घसरला आणि मेला. आठ दिवसांत हिनं पाना कमरेला खोचला. ती रडल्याचं मला आठवत नाही. मलाही त्या माणसाचं कधी वाईट वाटलं नाही.

गेल्या साली रत्नागिरी रोडवरच्या एका वाडीतून विजयसिंहचा फोन आला. दूध संस्थेचा सचिव, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, बोलणं गोड. "मावशी, डिश हलली जणू. वानरं लई झाल्यात." महिन्याभरात तीनदा गेलो. तिसऱ्या खेपेला मीनाबाई त्याच्या न्हाणीघराच्या स्लॅबवरून उतरली ती थेट गाडीकडे निघाली. गाडीत बसल्यावर म्हणाली, "वानर कधी नट ढिला करतंय व्हय रं? विळ्यानं फिरवलाय. कडा पार कुरतडल्यात."

चौथ्या खेपेला तिनं डिश जुळवली, टीव्ही लागला, विजयसिंह त्याच्यासमोर बसला, आणि पाणी मागायच्या निमित्तानं ती थेट स्वयंपाकघरात शिरली. मी मागच्या दाराशी शिडी धरून उभा होतो. विजयसिंहची बायको वर्षाराणी चुलीकडे तोंड करून बसली होती. पंचविशीतली पोर. मीनाबाईनं तिचा पदर बाजूला केला. मानेवर बोटांचे काळे वळ. एका कानाची पाळी कर्णफुलासकट ओढल्यासारखी फाटलेली.

"टीव्ही मोठा करून मारत्यात," वर्षाराणी कुजबुजली. "बंद असला की हात आवरत्यात. भावकीला ऐकू जाईल, अब्रू जाईल म्हणून. म्हणून माळ्याच्या गजातनं विळा घालून मीच हलवते डिश. पयलं पोर त्यांच्या लाथंनं गेलं, मावशी. आता परत दिवस गेल्यात."

"म्हायेर कुठं?"

"राधानगरीला. पर बाहेर जाताना कुलूप घालत्यात, घरात असलं की नजर ठेवत्यात."

"परत हलव," मीनाबाई म्हणाली. "सकाळची अकराची एस.टी. हाय. जीप सुरू झाली की त्याला ऐकू जाईल. मी वर असताना मागच्या दारानं निघ."

आम्ही निघालो. मी चावी फिरवतोय तोच आत टीव्हीचा आवाज चढला, इतका की खिडकीची काच थरथरली. त्या आवाजाखाली काहीतरी धप्पकन भिंतीवर आदळलं. परत आदळलं. मीनाबाईनं गाडीचं दार उघडलं. मी तिचा हात धरला. म्हटलं, पोलीसपाटील त्याचा चुलता हाय, आपल्यालाच आत टाकतील. ती बसली, पण मलकापूर येईपर्यंत स्वतःच्या मनगटाला चावत होती. "मीच जुळवून दिली," एवढंच म्हणत होती. तिला धरलेल्या त्या हाताची मला आजही लाज वाटते.

आठ दिवसांनी फोन आला. वानरं!

आता एक सांगतो. मीनाबाईकडे मीटर आहे. डिशला जोडलं की सिग्नल सापडल्यावर पिंपिं वाजतं, खाली कुणी बसायची गरज नाही, दोन मिनिटांत काम. त्या दिवशी ते पिशवीतून बाहेरच आलं नाही.

"सचिवसाहेब, टीव्हीम्होरं बसा आणि आकडा वरडून सांगा," ती स्लॅबवरून म्हणाली. "जागचं हलू नका, न्हायतर परत पयल्यापासनं करायला लागंल."

"शून्य!" आतून आवाज आला.

"आता?"

"बारा! गेलं, परत शून्य!"

मागचं दार उघडलं. वर्षाराणी बाहेर आली, अंगावर हिरवी साडी, हातात एक पिशवी, दुसरा हात बरगडीवर. धावता येत नव्हतं तिला. भाताच्या बांधावरून एकेक पाऊल टाकत ती रस्त्याकडे निघाली.

एस.टी. नेमकी उशिरा. पंचवीस मिनिटं मीनाबाईनं त्या माणसाला शून्यावर बसवून ठेवला. तो वैतागला, शिव्या घालू लागला. "थांबा, मीच येतो वर!" त्याची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मीनाबाईनं डिश किंचित ढकलली.

"चाळीस!" तो ओरडला आणि परत बसला.

मग वळणावर हॉर्न वाजला. लाल गाडी थांबली, हिरवी साडी आत चढली, गाडी सुटली. मीनाबाईनं डिश जागेवर आणून नट आवळला. काम अर्धवट सोडायची तिला सवय नाही.

"अठ्ठ्याहत्तर! आलं, मावशी, आलं!" विजयसिंह लहान पोरासारखा हरखला. त्यानं आवाज वाढवला. पूर्ण वाढवला. आणि मग हाक मारली, "वर्षे!"

उत्तर आलं नाही तसा तो बाहेर आला, हातात काठी. उघडं दार बघितलं, मला बघितलं, वर बघितलं.

"कुठं हाय ती?"

"एस.टीत," मीनाबाई म्हणाली.

तो शिडी चढला. स्लॅबच्या कडेवर त्याचा पंजा आला, तसा तिनं पाना त्याच्या बोटांवर घातला. हाड मोडल्याचा आवाज टीव्हीच्या गोंगाटातही मला ऐकू आला. तो तरी थांबला नाही. दुसऱ्या हातानं त्यानं तिचा पाय धरून ओढला. ती डिशला धरू गेली, पण हात निसटला आणि ती खालच्या फरशीवर पडली. तिचा उजवा हात कोपरात उलटा वळला. मग तो उतरला आणि तिच्या पोटात लाथा घालू लागला. ती ओरडत होती. पण तिनंच आवळलेला नट हलला नव्हता, आत टीव्ही त्याच आवाजात चालू होता. वाडीतून कुत्रंसुद्धा आलं नाही.

सीटखालची चाक खोलायची लोखंडी टॉमी माझ्या हातात कधी आली ते कळलं नाही. पहिला घाव मी त्याच्या गुडघ्यावर घातला. तो कोसळला. दुसरा पाठीत, तिसरा खांद्यावर. उभ्या जन्मात मी कुणावर हात उगारला नव्हता, आणि आता मला थांबता येईना. बरंही वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

"बाळासो!" मीनाबाई फरशीवरून ओरडली. "बास! आदी आत जाऊन टीव्ही बंद कर."

मी आत गेलो आणि बटण दाबलं.

विजयसिंहचं बोंबलणं अंगणातून वाडीभर गेलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. चुलता आला, चुलत भाऊ आले, शेजारच्या बायका हातातलं पीठ तसंच ठेवून आल्या. "काय झालं? कोण वरडतंय? आमच्या घरापतोर ऐकू आलं," जो तो म्हणायला लागला.

मीनाबाई मोडका हात पोटाशी धरून उठून बसली. ओठातून रक्त गळत होतं.

"आज बरं ऐकू आलं?" ती म्हणाली.

पोलीसपाटील चुलता बाजूला सरला. बायका खाली बघत उभ्या राहिल्या. मी शिडी टपावर चढवली, मीटरची पिशवी उचलली आणि मीनाबाईला धरून गाडीत बसवली.