फुप्फुसातलं पाणी आणि फ्रान्सची सायकल शर्यत

डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म खिडकीकडे धरली आणि डावीकडचा खालचा पांढरा भाग पेनाच्या टोकाने दाखवला. ‘प्ल्युरल इफ्यूजन,’ ते म्हणाले. फुप्फुसाभोवती दुपदरी आवरण असतं, त्या दोन पदरांमध्ये पाणी साठतं, त्याला हे नाव आहे. पाणी कशामुळे, असं मी विचारलं. ते म्हणाले, क्षयामुळे. मी म्हटलं, पण मला खोकल्यातून रक्त पडत नाही. त्यावर त्यांनी विचारलं, रक्त पडेपर्यंत थांबायचा विचार होता का?

त्या क्षणी मला काय वाटलं, असं लोक विचारतात. खरं सांगायचं तर दुकानाची किल्ली कुणाकडे ठेवायची, एवढीच काळजी वाटली. भीती नंतर आली, जेवायला बसल्यावर, आणि मग बरेच दिवस मुक्कामाला राहिली.

माझं पालघर स्टेशनजवळ सायकलचं दुकान आहे. भाड्याने देतो, दुरुस्त करतो. मूळचा मी सातपाटीचा, घर मच्छीमारांचं. पण मला बोट लागते. मच्छीमाराच्या मुलाला बोट लागणं म्हणजे न्हाव्याच्या मुलाला वस्तऱ्याची भीती वाटण्यासारखं आहे. तेव्हा मी जमिनीवरचं वाहन धरलं.

होळीपासून संध्याकाळचा ताप येत होता. खोल श्वास घेतला की बरगडीत कळ यायची. सातपाटीच्या रस्त्यावर खाडीच्या पुलाचा जो थोडा चढ आहे, तिथे मी सायकलवरून उतरून चालायला लागलो. सायकलवाल्याने पुलावर उतरावं, याहून वेगळी खूण काय हवी होती? तरी मी जूनपर्यंत गेलो नाही, कारण आमच्याकडे दुखणं पावसाळ्यावर टाकतात. बोटी चालू असताना कुणी आजारी पडत नाही. पडला तरी ते नंतर बघायचं असतं. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढल्या, शाकारल्या, की मग दात, मूळव्याध, खोकला, सगळ्यांची पाळी येते. मी बोटीवर नव्हतो, तरी सवय तीच लागली होती.

डॉक्टर घाटावरचे, साताऱ्याकडचे. त्यांना आमची ही रीत चांगली ठाऊक झाली होती. ‘जूनमध्ये माझा वॉर्ड भरतो,’ ते म्हणाले, ‘आणि नारळी पौर्णिमेला रिकामा होतो. बरे होऊन नव्हे. बोटी सुटतात म्हणून.’

पाणी काढण्याला ‘ॲस्पिरेशन’ म्हणतात. खुर्चीवर उलटं बसवतात, पाठ उघडी, हात खुर्चीच्या पाठीवर. पाठीत बरगड्यांच्या मधे बधिर करायची सुई देतात आणि मग जाड सुई घालून पिचकारीने पाणी ओढतात. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना सांगतो, दुखण्यापेक्षा दाब जास्त जाणवतो. खोकायचं नाही आणि मागे वळून बघायचं नाही. मी बघितलं. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं आणि चांगलं पातेलंभर निघालं. एवढं सगळं घेऊन मी पुलापर्यंत पायडल मारत होतो, याचं मला थोडं कौतुकही वाटलं.

मग उपचार. रोज सकाळी स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन कुल्ल्यात, आज डावीकडे, उद्या उजवीकडे. आयएनएचच्या गोळ्या. आणि पी.ए.एस. नावाची भुकटी, जी घेतल्यावर तोंडाची आणि पोटाची दोघांचीही तक्रार असते. स्ट्रेप्टोमायसिनने काहींच्या कानात आवाज येतो, तोल जातो. तसं झालं तर लगेच सांगा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी रोज सकाळी फरशीच्या एका रेघेवरून चालून पाहत असे. सायकलवाल्याचा तोल गेला तर उरलं काय? उपचार साधारण दीड वर्षाचा आणि त्यातले सुरुवातीचे काही महिने वॉर्डात, असं सांगितलं होतं. दीड वर्ष हा शब्द मी ऐकला, पण त्या दिवशी आत घेतला नाही.

वॉर्ड पालघरच्या बाहेर, शेतांच्या कडेला होता. माझी खाट खिडकीशी आणि माझ्याबरोबर एक ट्रान्झिस्टर. तो माझा नव्हता. बोईसरपलीकडे तारापूरच्या अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं, तिथे पिएत्रो नावाचा एक इटालियन कामगार होता, नळ जोडण्याच्या कामावर. त्याने स्वतःची शर्यतीची सायकल आणली होती. तिचा टायर ट्यूब आत घालून वरून शिवलेला असतो. पंक्चर झालं की शिवण उसवायची, ठिगळ लावायचं, पुन्हा शिवायचं. मुंबईपर्यंत कुणी हात लावेना. माझ्या आईने तो टायर जाळ्याच्या सुईने आणि जाळ्याच्या दोऱ्याने शिवून दिला. तेव्हापासून पिएत्रो दर रविवारी दुकानात येऊन बसायचा आणि तोडक्या इंग्रजीत मला फ्रान्सच्या शर्यतीबद्दल सांगायचा. तीन आठवडे, रोज एका गावाहून दुसऱ्या गावाला, मधे बर्फाचे डोंगर. त्याने दिलेल्या जुन्या मासिकांतली चित्रं मी इतक्यांदा बघितली की ते घाट मला कसाऱ्याच्या घाटापेक्षा जास्त ओळखीचे झाले. दोन वर्षं मी ती शर्यत रेडिओवर ऐकत होतो. मी वॉर्डात जातो आहे कळल्यावर त्याने ट्रान्झिस्टर आणून दिला आणि सांगितलं की जूनच्या शेवटी शर्यत सुरू होते, तोपर्यंत मरू नकोस.

परदेशी केंद्रावर संध्याकाळी इंग्रजी बातम्यांच्या शेवटी खेळांचं सांगायचे. त्यात शर्यतीच्या वाट्याला दोन वाक्यं. आज पहिला कोण आणि एकूण पुढे कोण. पावसात खरखर इतकी की दोनपैकी एक वाक्य बुडायचं. बाकीचं मी मनाने भरायचो. वेळ भरपूर होता.

शेजारच्या खाटेवर गणू तांडेल होते. तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख; कुठे जायचं, जाळं कधी टाकायचं, परत कधी फिरायचं, हे तो ठरवतो. वय पन्नाशीचं, सातपाटीचेच, माझ्या वडिलांच्या ओळखीचे. मी त्यांना काका म्हणत असे. त्यांचा क्षय माझ्यासारखा आवरणात नव्हता, फुप्फुसातच होता. थुंकीत जंतू सापडले होते, फिल्मवर वरच्या बाजूला पोकळी दिसत होती. दोन मोसम त्यांनी तो पावसाळ्यावर टाकला होता.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, काय ऐकतोस? मी सांगितलं. दुसऱ्या संध्याकाळी ते स्वतःच उशी घेऊन माझ्या खाटेवर येऊन बसले. तिसऱ्या संध्याकाळी भांडण झालं.

कारण असं की आज पहिला आलेला एक आणि एकूण पुढे असलेला, पिवळा सदरा घालणारा, दुसराच. काकांना हे मंजूर नव्हतं. सातपाटीत जी बोट आधी बंदरात लागते तिचा पापलेट आधी उचलला जातो. नंतर येणाऱ्यांना उरलेलं गिऱ्हाईक. त्यांच्या लेखी पहिला तोच पुढे, बाकी सगळे मागे. मी त्यांना समजावलं की रोज लागलेला वेळ मोजतात आणि बेरीज करतात. ज्याची बेरीज सगळ्यांत कमी, तो पुढे. तो रोज पहिला यायलाच पाहिजे असं नाही. काकांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, म्हणजे मोसमभर ज्याची जाळी भरली तो मोठा, एका दिवसाचा नव्हे. मी म्हटलं, तसंच. यानंतर ते माझ्याहून कट्टर झाले.

मासिकातल्या चित्रावरून त्यांनी एक माणूस निवडला. उंच, काटकुळा, लांब पायांचा, डोंगर चढण्यात पटाईत. त्याचं नाव त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी त्याला बगळा म्हणायला सुरुवात केली. डोंगर आले तसा बगळा वर सरकला. दुसरा झाला. नर्ससुद्धा सकाळी विचारू लागल्या, बगळा कुठे आहे?

दरम्यान काकांचा ताप उतरला, वजन वाढलं. एका दुपारी ते मला अगदी शांतपणे हिशेब सांगू लागले. ‘माजं बग, मोरू. ताप नाय, खोकला कमी, भूक हाय. मी पुढं हाय का नाय? मंग नारळी पुनवेला गेलो, महिनाभर सुई नाय घेतली, तर काय होल? थोडी मिनिटं जातील. आघाडी तर माजीच हाय ना.’

बेरजेचं मीच शिकवलं होतं आणि बेरीज तर त्यांनी बरोबर केली होती.

मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी फेरीच्या वेळी काकांच्या खाटेशी थांबून एवढंच म्हटलं: ‘तुम्हाला बरं वाटतंय ते औषधाने. औषध थांबलं की उरलेले जंतू पुन्हा वाढतात आणि मग ते याच औषधाला दाद देत नाहीत.’ त्याला ‘रेझिस्टन्स’ म्हणतात. काकांनी मान डोलावली. तांडेल खलाशाचं बोलणं ऐकताना डोलावतो तशी.

शर्यत संपायला आठवडा राहिला असताना बगळा एका उतारावर, पावसात पडला. त्या दिवशीचा टप्पा त्याने पुरा केला, मिनिटंही फारशी गेली नाहीत. काका खूश होते. दुसऱ्या संध्याकाळी बातम्यांत एक वाक्य आलं की तो सकाळी निघालाच नाही आणि शर्यतीतून बाद झाला.

मी ते मराठीत सांगितलं.

‘मंग त्याची मिनिटं?’ काकांनी विचारलं.

‘गेली.’

‘किती?’

‘होती तेवढी सगळी. एक दिवस निघाला नाही की नाव काढतात. मग कितीही पुढे असो.’

‘उद्या निगाला तर?’

‘नाही घेत.’

ते उठून आपल्या खाटेवर गेले आणि भिंतीकडे तोंड करून निजले. मला वाटलं बगळ्याचं दुःख आहे. शर्यत पुढे आठवडाभर चालली. ती कुणी जिंकली हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी हूं केलं. त्या गोष्टीवर ते पुन्हा बोलले नाहीत आणि मीही काढली नाही. मला माणसांना शहाणं करायची हौस नाही.

नारळी पौर्णिमा जवळ आली तशी वॉर्डातली हवा बदलली. बायका भेटायला यायच्या त्या बोटींचीच खबर घेऊन. डांबर लागलं, जाळी चढली. गणू काकांची बायको, काकी, म्हणाली की खलाशी तयार आहेत, पण तांडेल कोण, हे विचारतात. धाकटे दीर बोट चालवतात, पण अजून त्यांना कुणी तांडेल म्हणत नाही. ती जा म्हणाली नाही आणि राहा म्हणाली नाही. काका नुसते पायाच्या बोटांकडे बघत बसले. समोरच्या रांगेतले दोघे तर पौर्णिमेच्या आधीच कपडे बांधून गेले.

काकांनी नारळाच्या पूजेपुरती रजा मागितली. डॉक्टर म्हणाले, सकाळचं इंजेक्शन घेऊन जा आणि उद्याच्या इंजेक्शनला हजर राहा. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, ‘पौर्णिमेला गेलेला परत आला, असं माझ्या इथे अजून झालेलं नाही.’

काका गेले. मला वाईट वाटलं आणि रागही आला, दोन्ही त्यांच्यामुळेच. हा माणूस मला आवडायला लागला होता आणि तो मरणार होता, बरा होता होता. दिवसभर मी ट्रान्झिस्टर लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सने आमच्या रांगेत इंजेक्शनं दिली. काकांच्या खाटेपाशी क्षणभर थांबली, पिचकारी ट्रेमध्ये परत ठेवली आणि पुढे गेली. ती शेवटच्या खाटेवर असताना काका दारात आले. चपला हातात, गुडघ्यापर्यंत चिखल. वाटेत शिरगावला एस.टी. चुकली म्हणून तिथून चालत आले होते, अर्ध्या फुप्फुसावर. ते थेट खाटेवर पालथे झाले आणि धोतर खाली सारलं.

जेवताना आपणहून म्हणाले, ‘पन्नास वर्सांचा झालो मी. माजी बोट जाताना मी कवा बगितलीच नव्हती. मी बोटीतच असायचो ना.’

मी विचारलं, कशी दिसते?

‘बारकी होत जाते,’ ते म्हणाले. थोडा वेळ भात कालवत राहिले. ‘रडलो मी तितं. समद्यांच्या म्होरं.’

आता माझं. पाणी पुन्हा भरलं नाही. आवरण थोडं जाड झालं आहे, त्यामुळे डाव्या बाजूला श्वास पुरता भरत नाही आणि पुलावर मी अजूनही उतरतो. डॉक्टरांचे, त्या नर्सचे आणि पिएत्रोचे उपकार आहेत. पिएत्रो काम संपल्यावर मायदेशी गेला, ट्रान्झिस्टर मागायला मात्र विसरला. ज्यांच्या घरी हे दुखणं येईल त्यांना माझं एकच सांगणं आहे. तापाच्या दिवशी औषध कुणीही घेतो. ज्या दिवशी अगदी बरं वाटतं, त्या दिवशी घ्या. पूर्वी मी शर्यतीचा निकाल वरून वाचत असे, पहिल्या दोघा-तिघांत थांबत असे. हल्ली मासिक हाती आलं की खालून वाचतो. शेवटून पहिला आलेला माणूस पहिल्याच्या कित्येक तास मागे असतो, पण त्याचं नाव छापलेलं असतं.

पुढच्या नारळी पौर्णिमेला मी सातपाटीला गेलो होतो. काकांचा वॉर्ड सुटला होता, इंजेक्शनं संपली होती, पण गोळ्या अजून चालू होत्या आणि बोट अजून धाकट्या भावाकडेच होती. आता त्याला सगळे तांडेल म्हणत. आम्ही दोघे वाळूत उभे राहिलो. नारळ सोडले, बोटी निघाल्या, लोक ओरडले, आणि मग हळूहळू पांगले. काका मात्र त्यांची बोट दिसेनाशी होईपर्यंत हलले नाहीत. मग धोतराचा सोगा सावरत माझ्याकडे वळले.

‘चल,’ ते म्हणाले, ‘माज्या गोळ्यांची वेळ झाली.’